निकम मास्टरांचे तीनशे पक्षी

एकट्याने पाहिलेला पक्षी निकम मास्टर मोजत नाहीत. तो समोरच्या फांदीवर बसून पाच मिनिटं गात राहिला, किंवा त्यांच्या टोपीवर येऊन बसला, तरी शेजारी दुसरा माणूस नसेल तर त्यांच्या लेखी तो आलाच नाही. दुसऱ्याने तो पक्षी बघायचा, 'पास' म्हणायचं आणि वहीत पक्ष्याच्या नावापुढे सही करायची. हा दुसरा माणूस म्हणजे मी. त्या एका वर्षात मी जेवढ्या सह्या केल्या तेवढ्या बँकेतल्या शेवटच्या वर्षातही केल्या नसतील. आणि बँकेत निदान पंख्याखाली बसायला मिळायचं.

निकम मास्टर माझे साडू. माझ्या बायकोची, मंगलची, थोरली बहीण कुसुमताई त्यांना दिलेली. घरात आम्ही त्यांना नाना म्हणतो. आम्ही सगळे मूळचे अमळनेरकडचे. पोटामागे सुरतेला आलो आणि इथलेच झालो. नाना आधी लिंबायतला राहायचे, नंतर डिंडोलीत आमच्याच सोसायटीत आले. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. म्हणजे त्यांना माझ्याकडे यायला फक्त सोळा पायऱ्या उतराव्या लागतात, आणि या सोळा पायऱ्यांनीच माझं म्हातारपण नासवलं असं मी मंगलला बऱ्याचदा म्हणालो आहे.

नाना कापड रंगवण्याच्या मिलमध्ये कलर मास्टर होते. शेठ एखादी चिंधी आणून टेबलावर टाकणार आणि म्हणणार, याच रंगाचं पाच हजार मीटर पाहिजे. मास्टरने त्या चिंधीकडे बघून रंग जुळवायचा. आपल्याला जे दोन लाल एकसारखे दिसतात त्यांत नानांना पाच फरक दिसतात आणि ते पाचही ते सांगतात. मिलमध्ये त्यांचा एक नियम होता. त्यांनी जुळवलेला रंग दुसऱ्या माणसाने बघून सही केल्याशिवाय लॉट पुढे जायचा नाही. "एका माणसाचे डोळे सकाळी एक सांगतात, जेवण झाल्यावर दुसरं सांगतात," ते म्हणायचे. "रंगाला चार डोळे लागतात."

ही सवय त्यांनी मिलमधून घरी आणली. भाजीवाल्याला ते टोमॅटो हातात धरून सांगतात की वरचे आणि खालचे एका लॉटचे नाहीत. मंगलच्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात, अक्षता हातात असताना, त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं की नवऱ्याचा फेटा आणि नवरीचा शालू दोन्ही रानी रंगाचे म्हणून घेतलेत, पण फेट्यात निळा जास्त पडलाय. मुलीच्या बापाने तेव्हापासून नानांशी बोलणं सोडलं आहे. नानांना त्याचं कारण अजून कळलेलं नाही. ते म्हणतात, "मी तर हळूच सांगितलं होतं."

नाना निवृत्त झाले आणि वर्षभरात कुसुमताई गेल्या. मूलबाळ नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं म्हणून ते तापीच्या काठाला जाऊ लागले. एका सकाळी मी दाढी करत असताना ते घरात शिरले आणि म्हणाले, "शरद, एक निळा दाखवतो, चल."

मला वाटलं कोणी कापड दाखवतंय. अर्ध्या दाढीने गेलो. तो खंड्या होता. तारेवर बसला होता.

"कोणता निळा आहे?" नानांनी विचारलं.

"निळा," मी म्हणालो.

"फिरोजी म्हणशील तर फिरोजी नाही. रामा म्हणशील तर रामा नाही. तीस वर्षांत हा रंग मला निघाला नाही रे." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दिसला ना? पास?"

"पास," मी म्हणालो. त्या वेळी मला काय माहीत की हा शब्द मला किती वेळा म्हणावा लागणार आहे.

पुढे ते पक्षी बघणाऱ्यांच्या एका रविवारच्या टोळीत जाऊ लागले. तिथे एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की परदेशात काही लोक एक वर्ष ठरवतात, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, आणि त्या वर्षात जगभर फिरून जितके पक्षी बघता येतील तितके बघतात. नाना घरी आले ते लिंबायतची जुनी खोली विकायचं ठरवूनच.

"तीनशे," ते म्हणाले.

"तीनशे काय?"

"पक्षी. एका वर्षात."

"स्पर्धा आहे का कसली?"

"कोणाशी करू स्पर्धा? आपलं आपलं."

"मग तीनशेच का?"

"माझ्या शेड कार्डावर तीनशे रंगांचे नमुने होते."

मी मंगलकडे बघितलं. मी तीन महिन्यांपूर्वीच निवृत्त झालो होतो. सकाळी उशिरा उठायचं, पेपर वाचायचा, दुपारी झोपायचं, असा माझा बेत होता आणि तो छान चालला होता. मंगल म्हणाली, "जा की तुम्ही. दाजी एकटे आहेत आणि तुम्ही नुसते लोळताय." मी गुडघ्याचं कारण सांगितलं. तिने मलम दिलं.

एक जानेवारीला सकाळी सव्वासातला दारावर थाप पडली. उघडून बघतो तर नाना डोळे घट्ट मिटून, कठड्याला धरून उभे. वर्षाचा पहिला पक्षी कावळा नको, म्हणून ते सोळा पायऱ्या डोळे मिटून उतरले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना गच्चीवर नेलं. "उघडू?" त्यांनी विचारलं. पाण्याच्या टाकीवर कबूतर बसलं होतं. नाना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मानेवरचा हिरवा चांगला आहे. पास?" मी पास म्हणालो. एक नंबरला कबूतर.

जानेवारीभर आम्ही जवळपास फिरलो. बारडोलीच्या उसात सकाळी सहाला उभे राहिलो, डुमसच्या चिखलात बूट रुतवले. फेब्रुवारीत श्रीलंका. नानांनी घेतलेलं तिकीट इतकं स्वस्तातलं होतं की सुरतेहून मुंबई, मुंबईहून चेन्नई आणि चेन्नईहून कोलंबो असं आम्ही पोहोचलो. चेन्नईच्या विमानतळावर नऊ तास एका बाकावर काढले. त्या बाकाच्या लोखंडी दांड्याची खूण अजून माझ्या पाठीवर असावी.

श्रीलंकेतल्या त्या जंगलात पाऊस थांबत नव्हता आणि जळवा थकत नव्हत्या. आमचा वाटाड्या सुनील नावाचा पन्नाशीचा शांत माणूस होता. त्याला इंग्रजी यायचं, नाना त्याच्याशी हिंदी बोलायचे आणि अडलं की अहिराणी. एरवी नाना चारचौघांसारखं मराठी बोलतात. अहिराणी त्यांच्या तोंडून दोनच वेळा निघते, राग आल्यावर आणि पक्षी दिसल्यावर. सुनील बोट दाखवायचा आणि नाना माझा दंड पकडायचे. "तठे दख. माले दिखना. तुले दिखना का?" म्हणजे तिकडे बघ, मला दिसला, तुला दिसला का. मला हिरवं दिसायचं. सगळं हिरवं. जंगलात दुसरं काय दिसणार? मी म्हणायचो, "दिसला." नाना विचारायचे, "पास?" मी म्हणायचो, "पास," आणि पायावरची जळू काढायला वाकायचो.

पहिल्या पहिल्यांदा मी खरंच शोधायचो. मग माझ्या लक्षात आलं की दिसला नाही असं म्हटलं की तिथेच आणखी अर्धा तास उभं राहावं लागतं. नाना सोडायचे नाहीत. फांदी सांगायचे, फांदीवरचं पान सांगायचे, पानाच्या खालचा रंग सांगायचे. दिसला म्हटलं की आपण पुढे सरकतो आणि पुढे कुठेतरी बसायला दगड असतो. थकलेल्या माणसाला एवढं पुरतं.

पण एक निळा पक्षी मी नक्की पाहिला. सुनीलने त्याचं नाव सांगितलं, श्रीलंकेतला निळा मॅगपाय. तो दहा हातांवर येऊन बसला. अंग निळं, डोकं विटकरी, चोच लाल. नानांनी खिशातून शेड कार्ड काढलं. हो, ते मिलचं जुनं शेड कार्ड घेऊन फिरायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. हात लांब करून ते कार्ड पक्ष्यासमोर धरून एक एक रंग लावून बघू लागले. सुनीलने मला हळूच विचारलं, हे काय करताहेत. मी म्हणालो, "नोकरी."

"सुरतेत नाही निघणार हा," नाना शेवटी म्हणाले. "आपलं पाणी जड आहे." आणि ते इतके खूश झाले की पावसात उभे राहून हसत होते.

मार्चमध्ये थायलंड. समुद्राकाठची मिठागरं, डोक्यावर ऊन, सावलीला एक झाड नाही. तिथे एक चिमुकला पक्षी येतो, त्याच्या चोचीचं टोक चमच्यासारखं असतं. जगात आता फार थोडे उरलेत म्हणे. तो एकटा येत नाही. त्याच्याएवढ्याच, त्याच्यासारख्याच हजारभर मातकट पक्ष्यांत मिसळून चिखलात चोच मारत फिरतो. म्हणजे हजार पक्ष्यांच्या चोची तपासायच्या आणि चमचा शोधायचा.

"सगळा लॉट एकाच रंगाचा आहे," नाना हताश होऊन म्हणाले. मी त्यांना इतकं खचलेलं पहिल्यांदाच बघत होतो. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, भाड्याच्या दुर्बिणीला डोळा लावून उभे असलेले नाना एकदम ताठ झाले.

"शरद. माले दिखना."

मी दुर्बिणीत बघितलं. ऊन हलत होतं. चिखल हलत होता. त्यात काही ठिपके हलत होते.

"चमचा दिखना का?"

"हो."

"नीट बघ. चमचा?"

"चमचाच आहे, नाना."

"तोंड कुणीकडे आहे त्याचं?"

"डावीकडे," मी म्हणालो.

नाना क्षणभर थांबले. मग "पास?" म्हणाले, मी "पास" म्हणालो, वहीत सही केली आणि आम्ही एका टपरीच्या सावलीत गेलो. नानांनी तीन शहाळी घेतली. दोन आमच्यासाठी आणि एक आम्हाला तिथे सोडणाऱ्या गाडीवाल्यासाठी. त्या माणसाला त्यांनी हातवारे करून चमचा कसा होता ते दाखवलं. मी शहाळं पीत होतो आणि खोली कधी मिळते याचा विचार करत होतो.

पावसाळ्यात आमचं फिरणं कमी झालं. दसऱ्यानंतर आम्ही नेपाळला गेलो. वहीत तोवर दोनशे एकवीस झाले होते. तराईत भातशेतांच्या कडेने चालत असताना मला वाटलं, आपण वर्षभर नुसतं पास म्हणत आलो, एखादा पक्षी आपणही दाखवावा. लांब शेतात काहीतरी पांढरं होतं.

"नाना, तो बघा बगळा. मोठा आहे."

नानांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावून धरली.

"शरद," ते म्हणाले, "ती पिशवी आहे."

काठीला अडकलेली प्लास्टिकची पिशवी. मी हसलो. नाना हसले नाहीत. परतीच्या वाटेवर मी बांधावरून खाली पाय टाकला तो थेट पाण्यात. नानांनी मला बाहेर काढलं आणि एवढंच म्हणाले, "सुरतेला गेलो की डोळे दाखवायचे."

वहीत दोनशे एकेचाळीस पक्षी घेऊन आम्ही परतलो आणि नाना स्वतःच मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. शेजारच्या खुर्चीत बसले. डॉक्टर तरुण होत्या. मशीनमधून दोन्ही डोळे बघून म्हणाल्या, "काका, दोन्हीकडे चांगला पिकलेला मोतीबिंदू आहे. धूसर कधीपासून दिसतंय?"

मी म्हणालो, "असेल, थोडे दिवस."

"थोडे दिवस कसे? वर्षभर तरी तुम्हाला लांबचं नीट दिसत नसणार."

मी नानांकडे बघितलं नाही. पहिला डोळा नोव्हेंबरात, दुसरा डिसेंबरच्या शेवटी, असं ठरलं. तोवर प्रवास बंद. रिक्षात बसलो. रिंगरोडची गर्दी होती, रिक्षा मुंगीच्या पावलांनी चालली होती. नाना बाहेर बघत होते. डिंडोलीचा पूल ओलांडला तेव्हा म्हणाले, "उद्या दुपारी वर ये. वही घेऊन बसू."

मी गेलो. नानांच्या घरात आता फारसं सामान नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून ताईंची शिलाई मशीन, तिच्यावर चादर टाकलेली. नानांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, "मी नाव वाचतो. खरं सांगायचं."

कबूतर. दिसलं होतं. बारडोलीची मुनिया. दिसली होती, तारेवर होती. मग श्रीलंका सुरू झाली. नाना पक्ष्याचं नाव वाचायचे, कुठे होता ते सांगायचे, किती वाजता, कोणत्या फांदीवर. त्यांना सगळं आठवत होतं. मी म्हणायचो, "नाही." ते पुढचं नाव वाचायचे. "नाही." निळ्या मॅगपायला मी "हो" म्हणालो तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि खूण केली. मग पुन्हा नाही, नाही, नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मंगल ओरडली असती. ते फक्त नावापुढे पेन्सिलीने एक बारीक रेघ मारत होते.

हे काम तीन दुपारी चाललं. दुसऱ्या दुपारी थायलंड आलं.

"चमच्या," नाना म्हणाले.

मी वहीतल्या माझ्या सहीकडे बघितलं.

"तोंड उजवीकडे होतं त्याचं," नाना म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तू डावीकडे म्हणालास. मला वाटलं, तू बघेपर्यंत वळला असेल."

त्यांनी रेघ मारली. चाळीस वर्षं मी काउंटरवर बसून लोकांच्या सह्या तपासल्या, आणि माझी सही अशी निघाली. मी म्हणालो, "नाना, चुकलो. मी थकायचो हो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी पण थकायचो."

दोनशे एकेचाळीसांतले शहाण्णव उरले. नानांनी शहाण्णव आकडा शेवटच्या पानावर लिहिला आणि वही मिटली. मी म्हणालो, असलं कोण बघतंय, ठेवा की दोनशे एकेचाळीस. ते उठून आत गेले. चहा केला. चहात साखर जास्त झाली होती, मी तसाच प्यालो.

डिसेंबरचं मलेशियाचं तिकीट आधीच काढलेलं होतं. माझं रद्द केलं. नानांनीही रद्द करावं असं मंगलने दोनदा सांगून बघितलं. तीनशे आता होणारच नव्हते, आणि एकट्याने बघितलेलं ते मोजणारच नव्हते. मग जायचं कशाला? नाना म्हणाले, "तिकीट काढलंय ना." आणि एक सॅक आणि शेड कार्ड घेऊन गेले. स्टेशनवर मी सोडायला गेलो. माझ्या एका डोळ्याची पट्टी निघाली होती आणि काळा चष्मा होता. नव्या डोळ्याने मला नानांचा शर्ट पहिल्यांदा नीट दिसला. कॉलर विरलेली होती आणि एका गुंडीच्या जागी वेगळ्याच रंगाची गुंडी होती. रंगाचा एवढा जाणकार माणूस.

ते एका डोंगरावरच्या गावी उतरले होते. तिथे सकाळभर धुकं असतं म्हणे. पहिले तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी, आमच्याकडे सात वाजले होते, व्हिडिओ कॉल आला. मंगलने फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर सगळं पांढरं होतं. मग नानांचा आवाज आला, दबका, धापा टाकत.

"शरद, दख. दुर्बिणीला फोन लावलाय. दिखना का?"

मी चष्मा काढला. नवा डोळा जवळ नेला. पांढरं धुकं, त्यात एक काळपट रेघ, बहुधा फांदी. रेघेवर काही असेल तर असेल. फोन हलत होता.

"दिखना का रे? हिरवा आहे. सहा-सात आहेत, ओळीने बसलेत एकमेकांना चिकटून. दिखना?"

मंगल माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने मला कोपराने ढोसलं. हो म्हणा, असं तिने ओठांनीच सांगितलं. मलाही हो म्हणावंसं वाटलं. त्या वर्षात खोटं म्हणावं असं एकदाच मनापासून वाटलं असेल तर ते तेव्हा. त्यांनी खोली विकली होती, वर्ष घालवलं होतं आणि परक्या डोंगरावर थंडीत एकटे उभे होते. एका शब्दाने त्यांचा पक्षी खरा झाला असता.

"नाही, नाना," मी म्हणालो. "मला धुकंच दिसतंय."

पडदा काळा झाला. फोन कापला गेला की काय असं मला वाटलं. मग दुर्बिणीवरून फोन निघाला आणि नानांचा चेहरा दिसला. कानटोपी, नाक लाल, दाढी वाढलेली.

"नाही ना दिसला," ते म्हणाले. "बरं. खरं सांगितलंस."

"अजून आहेत का तिथे?"

"आहेत."

"मग बघून घ्या की. फोन काय धरून ठेवलाय."

नाना हलले नाहीत. "बघतोय," ते म्हणाले. मग म्हणाले, "एकट्याने बघितलं की कळत नाही रे, काय बघितलं ते."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मिलमधून घरी आलो की कुसुम रोज विचारायची. चप्पल काढायच्या आत. आज कोणता निघाला? मी म्हणायचो, गाजरी. ती म्हणायची, गाजरी म्हणजे कसा, बाजारातल्या गाजराचा की हलव्यातल्या? मग सांगत बसावं लागायचं. भाजी परतत परतत ती विचारायची. सांगता सांगता मलाच कळायचं, कुठे चुकलाय, निळा कमी करायचाय की पिवळा. मिलमधली सही आपली कागदावरची. खरा पास घरी व्हायचा." त्यांनी कानटोपी सारखी केली. "ती काही मिलमध्ये कधी आली नाही. एक रंग तिने डोळ्यांनी बघितला नाही. पण विचारायची."

माझ्या मागे मंगलने गॅस बंद केला.

"आता घरी आलो की चप्पल काढतो आणि बसतो," नाना म्हणाले. "कोणी विचारत नाही. म्हणून तुला ओढत नेलं वर्षभर. तुझ्या गुडघ्याचं मला कळत होतं."

आमच्यात असलं बोलायची सवय नाही. साडू-साडू आम्ही, लग्नकार्यात शेजारी बसून जेवायचं आणि पानाला चुना जास्त लागला की एकमेकांना सांगायचं, एवढंच आमचं. बाहेर उजाडलं होतं. खाली दूधवाल्याची मोटारसायकल सुरू होत नव्हती, तो पुन्हा पुन्हा किक मारत होता.

"नाना," मी म्हणालो, "हिरवा म्हणालात ना. हिरवा म्हणजे कसा? पोपटी?"

"पोपटी नाही."

"मग मेहंदी?"

"मेहंदी कुठे, काय बोलतोस." त्यांच्या आवाजात मिलमधली जुनी कुरकुर आली. "थांब, नीट बघून सांगतो. पाठ सांगू आधी की पोट?"

"पाठ सांगा," मी म्हणालो, आणि मंगलने खुर्ची पुढे सरकवली तशी बसलो. तीही शेजारी स्टूल घेऊन बसली. तो पक्षी वहीत नाही. पण त्याची पाठ, पोट, डोक्यावरची काळी टोपी, टोपीतला निळा ठिपका आणि गळ्याखालचा पिवळा, हे सगळं त्यांनी आम्हाला पाऊण तास सांगितलं, आणि अधूनमधून मंगल विचारत राहिली, "दाजी, पिवळा म्हणजे कसला, हळदीचा की लिंबाचा?"